ऊर्जा-संक्रमणावर युरोपात पीएच.डी.: ‘बहुशाखीय टीम’मध्ये इंजिनिअरने नेमकं काय करायचं असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातून मेकॅनिकलमध्ये एम.टेक., त्यानंतर काही काळ सौर प्रकल्पांच्या डिझाइनचं काम, आणि आता समोर युरोपातल्या एका डॉक्टरल नेटवर्कची जाहिरात. विषय शाश्वत ऊर्जा-संक्रमण. जागा नेदरलँड्समधल्या विद्यापीठात, मधले तीन महिने डेन्मार्कमधल्या एका वीज-उष्णता कंपनीत आणि दोन महिने जर्मनीतल्या संशोधन संस्थेत. जाहिरातीत बहुशाखीय टीमवर्कवर फार भर. विचारणाऱ्याला तीन शंका आहेत: अशा पीएच.डी.त स्वतःच्या विषयाची खोली जाते का, समाजशास्त्र नि कायदा शिकलेल्यांबरोबर इंजिनिअरने करायचं काय, आणि जाहिरात खरोखर चांगली आहे की नुसती गोड लिहिलेली आहे हे कसं ओळखायचं.

मी मूळचा पॉवर सिस्टिम्सचा. गेली बरीच वर्षं युरोपातल्या एका विद्यापीठात ऊर्जा-प्रणालींची मॉडेल्स करतो, अशा नेटवर्कांमधल्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो, निवड समित्यांवरही असतो. माझं उत्तर आधी सांगतो: अर्ज जरूर करा. पण बहुशाखीय कामाची एकच कसोटी धरा. दुसऱ्या शाखेच्या माणसाला जे कळलं त्यामुळे तुमच्या मॉडेलमधलं एखादं समीकरण, एखादा आकडा, एखादी मर्यादा बदलते का? बदलत असेल तर टीम आहे. बदलत नसेल तर पंधरा जणांनी पंधरा वेगळे प्रबंध लिहिले आणि वर्षातून दोनदा एकत्र जेवण केलं, एवढाच त्याचा अर्थ.

ज्यांना या नेटवर्कांची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. युरोपीय संघाच्या मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी योजनेत ‘डॉक्टरल नेटवर्क’ नावाचा प्रकार आहे. २०२१ च्या आधी त्यालाच इनोव्हेटिव्ह ट्रेनिंग नेटवर्क म्हणत. किमान तीन देशांतल्या संस्था एकत्र येतात, साधारण दहा-पंधरा संशोधक नेमतात, प्रत्येकाला स्वतंत्र प्रकल्प मिळतो, आणि काही महिने दुसऱ्या संस्थेत जाऊन काम करावं लागतं. त्याला सेकंडमेंट म्हणतात. ते एकूण काळाच्या एक तृतीयांशापर्यंत असू शकतं. राष्ट्रीयत्वाची अट नाही. ऊर्जेच्या क्षेत्रात अशी बरीच नेटवर्कं झाली. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाच्या समन्वयाखाली ‘मिस्ट्रल’ झालं, ते पवन आणि सौर प्रकल्पांना लोक का स्वीकारतात किंवा का नाकारतात यावर होतं. फ्लेन्सबुर्गहून चालवलेलं ‘एनसिस्ट्रा’ उत्तर समुद्राभोवतीच्या देशांच्या ऊर्जा-प्रणालींवर होतं. युरोपीय संघाच्या योजनेबाहेर वेगळे नमुने आहेत: ब्रिटनची डॉक्टरल ट्रेनिंग सेंटर्स, किंवा आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियातलं मोनॅश विद्यापीठ यांची २००८ पासूनची संयुक्त संशोधन अकादमी. तुमचा प्रश्न डॉक्टरल नेटवर्कचा आहे, म्हणून तिथेच राहतो.

आता ‘समाजशास्त्र्यांबरोबर करायचं काय’ या शंकेकडे येतो, कारण बाकी दोन शंकांचं उत्तर यातूनच निघतं. यासाठी मी विद्यार्थ्यांना नेहमी फोसेनचं प्रकरण वाचायला देतो.

नॉर्वेच्या मध्यात, त्रोन्हाइम शहराजवळ फोसेन नावाचं द्वीपकल्प आहे. किनारा उघडा, वारा उत्तम. तिथल्या स्तोरहेया आणि रोआन या दोन पवनऊर्जा प्रकल्पांना २०१० मध्ये परवाने मिळाले. दोन्ही मिळून १५१ पवनचक्क्या. कुठल्याही इंजिनिअरला नकाशा दाखवला तर तो म्हणेल, जागा छान निवडली. पण ही पठारं दक्षिण सामी या तिथल्या आदिवासी लोकांच्या रेनडिअर कळपांची हिवाळ्यातली कुरणं आहेत. सामी कुटुंबं न्यायालयात गेली. खटला चालू असतानाच पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि फिरू लागल्या. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: या प्रकल्पांमुळे आंतरराष्ट्रीय नागरी व राजकीय हक्क कराराच्या २७ व्या कलमाने दिलेला, स्वतःची संस्कृती जगण्याचा सामींचा हक्क मोडला आहे, म्हणून परवाने अवैध. पवनचक्क्या मात्र निकालानंतरही थांबल्या नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सामी तरुणांनी ओस्लोत ऊर्जा मंत्रालयात ठाण मांडलं. शेवटी एका गटाशी डिसेंबर २०२३ मध्ये आणि दुसऱ्याशी मार्च २०२४ मध्ये समझोता झाला.

यातला इंजिनिअरसाठी सर्वात मोलाचा भाग निकालाच्या तपशिलात आहे. खालच्या न्यायालयाने उपाय सुचवला होता की हिवाळ्यात रेनडिअर कुंपणात ठेवून चारा घालावा आणि त्याचा खर्च कंपनीने द्यावा. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हक्क मोडला की नाही हे ठरवताना या चाऱ्याच्या भरपाईवर विसंबता येणार नाही. आता हे मॉडेलच्या भाषेत मांडून बघा. तुम्ही जमिनीच्या वापराचा प्रश्न ऑप्टिमायझेशनमध्ये, म्हणजे सर्वात कमी खर्चाचं उत्तर शोधणाऱ्या गणितात, घालता तेव्हा दोन वाटा असतात. एक, नुकसान हा खर्च धरून ऑब्जेक्टिव्ह फंक्शनमध्ये (मॉडेल जी एकूण बेरीज कमीत कमी ठेवू बघतं तिच्यात) टाकायचा. मग वारा पुरेसा चांगला असेल तर मॉडेल तो खर्च भरून जागा घेतं. दुसरी, ती जागा मर्यादा म्हणून बांधायची. मग कितीही वारा असो, मॉडेल तिथे जात नाही. पहिली वाट धरली तर फोसेन हा स्वस्त प्रकल्प. दुसरी धरली तर तो प्रकल्पच नाही. या दोन वाटांपैकी कुठली खरी, हे सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारं सॉफ्टवेअर, सांगत नाही, वाऱ्याचा डेटा सांगत नाही. ते कायद्याच्या अभ्यासकाला सांगता येतं.

आणि कुरणाची सीमा कुठे संपते हे मानववंशशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकलेल्या सहकाऱ्याला सांगता येतं. नकाशावरचा बहुकोन पुरत नाही, कारण रेनडिअर पवनचक्कीपासून अंतर राखून चरतात. शिवाय बर्फावर पाऊस पडून वर कडक थर गोठला की खालचं लायकेन (दगडफुलासारखी वाढ, हिवाळ्यातला त्यांचा चारा) खाता येत नाही. अशा वाईट हिवाळ्यात एरवी कमी वापरलेली कुरणं एकदम जिवाभावाची होतात. आम्ही मॉडेलवाले बहुतेकदा हवामानाचं एखादंच वर्ष घेऊन गणित करतो. त्या वर्षात हे कुरण रिकामं दिसेल. पशुपालकाचं कॅलेंडर मात्र वाईट हिवाळा धरूनच आखलेलं असतं. म्हणजे त्याच्याशी बोललेल्या सहकाऱ्याने तुमच्यासाठी नुसती ‘लोकांची मतं’ आणलेली नसतात. तुम्ही हवामानाची किती वर्षं मॉडेलमध्ये घ्यायला हवीत, हे तांत्रिक उत्तर तो घेऊन येतो. साताऱ्याजवळच्या वनकुसवड्यासारख्या पवनचक्क्यांच्या पठारावर काम केलेल्या कुणालाही हा प्रश्न आपल्याकडे कसा विचारावा लागेल हे लगेच सुचेल.

दुसरं उदाहरण अगदी आकड्यांचं, कारण बऱ्याच इंजिनिअरांना वाटतं की आपले आकडे तरी निर्विवाद असतात. वीजनिर्मितीच्या खर्चात डिस्काउंट रेट नावाचा दर असतो, म्हणजे गुंतवलेल्या पैशावर दर वर्षी किती परतावा हवा ते. समजा एक लाख रुपयांची यंत्रणा आहे, आयुष्य २५ वर्षं. ३ टक्के दर धरला तर भांडवल वसूल व्हायला वर्षाला साधारण ५,७४० रुपये लागतात. १० टक्के धरला तर ११,०२० रुपये. तीच यंत्रणा, तेवढीच वीज, आणि भांडवलाचा खर्च जवळजवळ दुप्पट. हा दर बहुतेक विद्यार्थी आधीच्या एखाद्या पेपरातून उचलतात. अर्थशास्त्राचा सहकारी सांगेल की तो देशागणिक बदलतो, कर्ज कोण देतं यावर बदलतो, सरकारने किमतीची हमी दिली आहे का यावर बदलतो. समाजशास्त्राचा सहकारी विचारेल, मालक कोण? कोपनहेगनच्या बंदरासमोर मिडेलग्रुंडेन हा ४० मेगावॉटचा प्रकल्प २००० साली उभा राहिला. त्यातल्या २० पवनचक्क्यांपैकी निम्म्या एका सहकारी संस्थेच्या, आणि तिचे सभासद आठ हजारांहून जास्त. असा सभासद आपल्या पैशावर जेवढ्या परताव्याची अपेक्षा ठेवतो तेवढ्यावर गुंतवणूक कंपनी समाधान मानत नाही. मालकीची रचना थेट तुमच्या सूत्रातल्या दरात शिरते. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हे पटायला जड जाऊ नये.

डेन्मार्कमध्ये तुम्ही जाणार त्या कंपनीतही असंच काहीतरी भेटेल. तिथे दोन तृतीयांशाच्या आसपास घरांना पाइपातून सामायिक उष्णता मिळते. १९७९ च्या उष्णता कायद्यापासून या पुरवठ्याचे दर नफ्याशिवाय, खर्च भरून निघेल एवढेच ठेवायचे असतात. तुमच्या मॉडेलने उष्णता-साठवणीवर नफा दाखवला तर तिथला पहिला प्रश्न असेल की हा नफा कायद्याने कुणाच्या खिशात जाणार. तो प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारा, तिसऱ्या महिन्यात नको.

एवढं सगळं कळूनही बहुतेक नेटवर्कांत हे घडत नाही. माणसांची इच्छा कमी पडते असं नाही, वेळापत्रक आडवं येतं. सगळे संशोधक जवळपास एकाच वेळी नेमले जातात. पहिल्या वर्षी सगळेच वाचन करतात, दुसऱ्या वर्षी सगळेच डेटा गोळा करतात, तिसऱ्या वर्षी सगळेच लिहितात. मुलाखती घेणाऱ्याचे निष्कर्ष हाती येतात तेव्हा मॉडेल करणाऱ्याचा पेपर छापायला गेलेला असतो. मॉडेलचे निकाल येतात तेव्हा धोरणाचा अभ्यास करणाऱ्याच्या मुलाखती संपलेल्या असतात. शिवाय मुलाखतींसाठी नैतिक मान्यता आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे कागद लागतात, त्यात महिने जातात. इंजिनिअरला हे ठाऊकच नसतं. तो सहकाऱ्याला ‘अजून सुरू नाही केलंस?’ म्हणून विचारत राहतो, आणि तिथून मनं दुरावतात.

मला यावर एकच उपाय खरोखर चाललेला दिसला आहे: निकालांची वाट न बघता गृहीतकांची देवाणघेवाण करायची. पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांनी मिळून एक सामायिक वही ठेवायची. तुमचं मॉडेल काय काय धरून चाललं आहे ते त्यात साध्या भाषेत लिहायचं. परवाना मिळायला इतके महिने. इतकी जमीन उपलब्ध. डिस्काउंट रेट इतका. लोक किंमत बघून विजेचा वापर इतका हलवतील. बॅटरीचा मालक अमुक. प्रत्येक ओळीपुढे ते गृहीतक तपासायचा अधिकार टीममधल्या कुणाला आहे त्याचं नाव. समाजशास्त्राच्या सहकाऱ्याला मग ठरलेलं लक्ष्य मिळतं: पुढच्या वर्षी मी मुलाखतीत हा प्रश्न विचारीन, कारण याच्या मॉडेलमधली सातवी ओळ मला खोटी वाटते आहे. त्याचं उत्तर आलं की तुम्ही ती ओळ बदलून मॉडेल पुन्हा चालवायचं. पायपीएसए किंवा कॅलिओपीसारखी खुली मॉडेल्स वापरत असाल तर हे अवघड नाही. कोड सगळ्यांना दिसतो, आकडे बदलून पुन्हा चालवायला परवाना विकत घ्यावा लागत नाही. या कारणासाठीच मी बंद, विकतचं सॉफ्टवेअर घेऊन बहुशाखीय काम करायच्या विरोधात आहे. ज्या मॉडेलच्या आत दुसरा माणूस डोकावू शकत नाही, त्यावर त्याने फक्त विश्वास ठेवावा अशी अपेक्षा असते, आणि विश्वासावर संशोधन चालत नाही.

दुसरी अट जागेची. सगळ्यांनी एकाच ठिकाणाचा अभ्यास केला पाहिजे, निदान दोन-तीन जणांनी तरी. एक जण स्पेनच्या सौरऊर्जेवर, दुसरी पोलंडच्या कोळशावर, तिसरा आयर्लंडच्या वाऱ्यावर काम करत असेल तर कितीही कार्यशाळा घ्या, एकाचं गृहीतक दुसऱ्याला तपासता येत नाही. ठिकाण एक असलं की वाद खरे होतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचं बघा. १९५९ मध्ये तिथे युरोपातलं सर्वात मोठं वायुक्षेत्र सापडलं. वायू काढल्याने जमीन हलू लागली, ऑगस्ट २०१२ मध्ये ह्यूझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला, घरांना तडे गेले. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्पादन थांबलं. त्याच वर्षी संसदेच्या चौकशीने स्पष्ट म्हटलं की तिथल्या लोकांच्या हिताकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं. आता त्याच भागात हायड्रोजन आणि साठवणीचे बेत आखले जात आहेत. भूगर्भाचा अभ्यासक साठवण सुरक्षित आहे असं कितीही म्हणाला, तरी ज्या घराला अजून तडा आहे त्या घरातला माणूस ते कुठल्या अनुभवातून ऐकतो हे समजल्याशिवाय प्रकल्प किती वर्षांत उभा राहील याचा अंदाज करता येत नाही. तुमच्या मॉडेलमधल्या वेळेच्या ओळीत हे यायला हवं.

आता खोलीची शंका. ती रास्त आहे. खोली जाते, पण टीममुळे नाही. इंजिनिअर स्वतःच अर्धा समाजशास्त्रज्ञ व्हायला निघाला की जाते. वीस जणांना प्रश्नावली वाटून, टक्केवारी काढून ‘सामाजिक स्वीकृती’चं प्रकरण प्रबंधाला जोडलेलं मी पुष्कळदा वाचलं आहे. समाजशास्त्राचा परीक्षक ते नाकारतो आणि इंजिनिअरिंगचा परीक्षक ते सोडून देतो. दुसऱ्याचं काम आपण करायचं नाही. ते नीट वाचता आलं पाहिजे. तीस सखोल मुलाखती पुरावा कधी ठरतात, मुलाखतीचं वर्गीकरण कसं होतं, कायद्यात एखाद्या निकालाचं वजन कसं मोजतात, एवढं समजून घ्यायला पहिल्या वर्षातला थोडा वेळ द्या. आणि तेवढंच तुमच्याकडून त्यांना मिळायला हवं. सॉल्व्हर काय करतो, शॅडो प्राइस (एखादी मर्यादा थोडी सैल केली तर खर्च किती वाचेल ते) म्हणजे काय, मॉडेल भविष्य सांगत नाही तर ‘असं धरलं तर तसं होईल’ एवढंच सांगतं, हे शेजारी बसून, कागदावर छोटं उदाहरण सोडवून समजवा. ज्या विद्यार्थ्याला हे समजावता येत नाही त्याला ते स्वतःलाच पुरतं समजलेलं नसतं, असा माझा अनुभव आहे.

पदवी मात्र तुम्हाला एका विभागाकडून मिळते, आणि परीक्षक त्या विभागाच्या परंपरेतले असतात. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो: किमान दोन पेपर असे हवेत की तुमच्याच शाखेतल्या कडक परीक्षकाने ते मान्य करावेत, आणि एक संयुक्त. तो संयुक्त पेपर पहिल्याच वर्षी कागदावर आखा. कुणाचं नाव कुठे येणार, कोण काय करणार, हेही तेव्हाच लिहून ठेवा. समाजशास्त्राच्या नियतकालिकांत परीक्षणाला बराच वेळ लागतो. तिसऱ्या वर्षी सुरू केलेला संयुक्त पेपर प्रबंधात ‘अप्रकाशित’ म्हणून जातो.

जाहिरात कशी वाचायची? ‘बहुशाखीय’ किती वेळा आलं ते मोजू नका. तुमच्या जागेच्या वर्णनात दुसऱ्या कुठल्या क्रमांकाच्या संशोधकाकडून तुम्हाला काय मिळणार आहे आणि तुम्ही कुणाला काय देणार आहात, हे लिहिलं आहे का ते बघा. दोन मार्गदर्शक दोन वेगळ्या शाखांचे आहेत का, आणि त्यांनी आधी कधी एकत्र लिहिलं आहे का? दोघांची नावं एकत्र घालून पेपर शोधा, दहा मिनिटांचं काम आहे. सेकंडमेंट कशासाठी आहे? ‘उद्योगाचा अनुभव’ एवढंच असेल तर सावध राहा. अमुक डेटा, अमुक निर्णय, अमुक विभाग असं असेल तर चांगलं. मुलाखतीत तुम्हीही विचारा: मागच्या प्रकल्पात दुसऱ्या शाखेच्या निष्कर्षामुळे तुमच्या गटाचं कुठलं उत्तर बदललं? चांगल्या मार्गदर्शकाचा चेहरा या प्रश्नावर खुलतो. उत्तरात नुसतं कार्यशाळांचं वर्णन आलं तर काय समजायचं ते समजा.

तुमच्या अर्जात काय असावं याबद्दल माझं ठाम मत आहे. युरोपातल्या मुलांकडे नसलेली एक गोष्ट तुमच्याकडे आहे, ती झाकून ठेवू नका. तिथल्या बहुतेक मॉडेलांत विजेची मागणी किंमत आणि हवामान बघून ठरते. महाराष्ट्रातल्या कृषिपंपाची मागणी मात्र फीडरचं, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिनीचं, वेळापत्रक ठरवतं. वीज रात्री आली तर शेतकरी रात्री बॅटरी हातात घेऊन पाणी द्यायला जातो. २०१७ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत फीडरजवळच सौर प्रकल्प बसवून ही वीज दिवसा द्यायची कल्पना आहे. म्हणजे इथे पुरवठ्याने मागणी हलते. तुम्ही सौर प्रकल्पांवर काम केलंय, हे तुम्ही पाहिलंय. ‘मला पर्यावरणाची लहानपणापासून आवड आहे’ या परिच्छेदाऐवजी एका फीडरचं वर्णन लिहा: किती वाजता काय होतं, त्यातलं काय नेहमीच्या मॉडेलमध्ये बसत नाही, आणि ते समजून घ्यायला तुम्हाला कुठल्या शाखेचा माणूस शेजारी हवा आहे. निवड समितीत असताना मी असा अर्ज बाजूला काढून ठेवतो.

आपल्याकडे ही परंपरा नाही असंही समजू नका. १९९० च्या दशकात गुहागरजवळच्या एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा करार पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेतल्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. मागणीचा अंदाज, इंधनाचा आणि डॉलरचा दरावर होणारा परिणाम, कराराची कलमं आणि वीज मंडळाची आर्थिक कुवत, हे सगळं त्यांनी एका जागी आणून मांडलं. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. इंजिनिअरिंग, अर्थशास्त्र आणि कायदा एकाच गणितात घालायचे म्हणजे काय, याचा यापेक्षा चांगला मराठी धडा मला माहीत नाही. मुलाखतीला जाण्याआधी त्या काळातली विश्लेषणं वाचून जा.

कागदपत्रांचं शेवटी, पण ते हलक्यात घेऊ नका. भरतीच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम-शिक्षण केलेले नसावे असा नियम आहे. तुम्ही भारतातून जाताय, म्हणून अडचण नाही. तुमच्यासारखा कुणी जर्मनीत नुकतंच मास्टर्स करून तिथल्याच जागेला अर्ज करत असेल तर तो अपात्र ठरेल, पण नेदरलँड्सच्या जागेला पात्र. पगाराचा आकडा वाचून हुरळून जाऊ नका. २०२३-२४ च्या कार्यक्रमात संघाकडून निर्वाहासाठी महिना ३,४०० युरो धरलेले होते, त्यावर देशागणिक गुणक लावायचा, आणि ही रक्कम मालकाचा सामाजिक सुरक्षेचा वाटा आणि तुमचा कर दोन्ही धरून असते. हातात पडतं ते बरंच कमी. विद्यापीठाला सरळ विचारा की माझ्या खात्यात महिन्याला किती येतील.

नेदरलँड्सच्या जागेसाठी याहून महत्त्वाचा प्रश्न चौथ्या वर्षाचा आहे. तिथली पीएच.डी. साधारण चार वर्षांची असते, आणि नेहमीच्या नेटवर्कमध्ये एका संशोधकासाठी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा पैसा मिळतो. चौथं वर्ष कुणाच्या पैशावर, हे करारात लिहून घ्या. बहुशाखीय कामात हे वर्ष लागतंच, कारण दुसऱ्याच्या निष्कर्षासाठी मॉडेल पुन्हा चालवायला तोच वेळ हाताशी असतो.

सेकंडमेंटच्या परवानग्याही वेगवेगळ्या निघतील. संशोधकांसाठीच्या २०१६ च्या युरोपीय निर्देशानुसार डच संशोधक-परवान्यावर दुसऱ्या सदस्य देशात ३६० दिवसांत १८० दिवसांपर्यंत जाऊन काम करता येतं. कुठे फक्त कळवावं लागतं, कुठे तेही नाही. म्हणजे जर्मनीचे दोन महिने त्यातून सुटतील. डेन्मार्क मात्र या निर्देशात नाही. तिथल्या तीन महिन्यांसाठी भारतीय पासपोर्टवर वेगळी परवानगी लागेल, आणि ती तुम्ही नेदरलँड्सला पोहोचल्यावर पहिल्या काही महिन्यांतच सुरू करायला हवी. यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला ऑफर मिळाल्या मिळाल्या लिहा, सेकंडमेंटच्या तारखा द्या, आणि अर्ज कोण करणार, शुल्क कोण भरणार हे विचारा.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून ही जागा मला चांगली वाटते. डेन्मार्कचे तीन महिने कुठल्या विभागात आहेत हे मात्र कळत नाही. ते दर ठरवणाऱ्या विभागात मिळाले तर तुमच्या प्रबंधाला खरा फायदा होईल. संयंत्राच्या देखभालीत गेले तर तुमचा सध्याचाच अनुभव वाढेल. मुलाखतीत हा एक मुद्दा मोकळेपणाने मांडा आणि बदल मागा. सेकंडमेंटची आखणी प्रकल्प सुरू झाल्यावरही बदलता येते, आणि उमेदवाराने कारणासह मागितलेला बदल मार्गदर्शकांना आवडतो.